वाऱ्याला टिकणारा तंबू

"वारा किती सोसेल हा?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

दुकानदाराने चहाचा कप खाली ठेवला. साठीचा, उन्हाने रापलेला माणूस. डोंगर चढून चढून गुडघे घालवले आणि मग हे दुकान टाकलं, असं त्याने पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं होतं.

"साहेब, आता मी विचारतो. गाडी तंबूपर्यंत जाणार का?"

"अगदी दारापर्यंत."

"मग वजनाची फिकीर सोडा. उंची?"

"सासऱ्यांचे गुडघे धरलेत. रांगत आत जाणं जमायचं नाही. आत उभं राहता आलं पाहिजे."

"आणि लावणार कुठे?"

"साताऱ्याच्या वर. पवनचक्क्यांच्या पठारावर."

तो मोठ्याने हसला. "म्हणजे माडाएवढा उंच हवा, पण वाऱ्यात हलायला नको!"

शेवटी त्याने दोन तंबू काढले. एक घरासारखा, सरळ भिंतींचा, खिडक्याबिडक्या असलेला. दुसरा पाठ फुगवून बसलेल्या कासवासारखा. चार पोल एकमेकांवरून गेलेले आणि वरचं कापड थेट जमिनीपर्यंत आलेलं. मला पहिला आवडला होता. त्याने दुसऱ्यावर हात ठेवला.

"सरळ भिंत वारा अंगावर घेते. हा गोल आहे, वारा वरून निघून जातो. मधोमध उभं राहता येईल, कडेला वाकावं लागेल. आणि ही कडी बघितलीत? अशा आठ आहेत. प्रत्येकीला एक दोरी. वाऱ्याला तंबू अडवत नाही साहेब, दोऱ्या अडवतात. आठच्या आठ बांधायच्या. एकही सोडायची नाही."

मी जाणकारासारखी मान हलवली. जाणकारासारखी मान हलवणं मला चांगलं जमतं. मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना सौम्य भाषेत कळवायच्या. पंधरा वर्षं हेच केल्यावर आपल्या हातून चूक होऊच शकत नाही, अशी माणसाची समजूत होते. या तंबूसाठी मी महिनाभर तक्ते केले होते, लोकांची मतं वाचली होती आणि दोन रविवार दुकानं पालथी घातली होती. वृंदा, माझी बायको, म्हणालीसुद्धा, "लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली नव्हतीस."

पण तंबू साधा नव्हताच. माझ्या सासूबाईंनी, माईंनी, त्याच्यावर फार मोठं काम सोपवलं होतं.

वृंदाची धाकटी बहीण केतकी. तेव्हा तिने मंगेशशी लग्न केल्याला दोन वर्षं झाली होती. मंगेशचं कोरेगावात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. जात वेगळी, शिक्षण आयटीआय आणि लग्न केलं तेही घरी न विचारता, नोंदणी करून. यातल्या एकेका गुन्ह्याला माझ्या सासऱ्यांनी कदाचित माफी दिली असती, पण इथे तिन्ही एकदम झाले. सासरे, म्हणजे अण्णा, बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर कंत्राटदारांचे रस्ते काठीने उकरून बघितलेले. "माणूस कामावरून कळतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. पण मंगेशचं काम बघायलाही ते तयार नव्हते. वर्षभराने केतकीला साताऱ्याच्या घरात घेतलं. मंगेश मात्र तिला सोडायला यायचा तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गाडीतच बसून राहायचा. दोन वर्षांत अण्णा त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. माझ्या नावापुढे मात्र ते न चुकता 'राव' लावायचे.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. अधिकात जावयाला बोलावून पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. दर तीन वर्षांनी येणारा जावयांच्या मानाचा महिना. मागच्या अधिकात मी एकटाच होतो.

"या वेळी मला दोन पाट मांडायचेत," माई फोनवर म्हणाल्या. "यांच्या छातीत मागच्या दिवाळीपासून दुखतंय. पुढच्या अधिकाला कोण असेल, कोण नसेल. यांना तंबूत राहायची फार हौस आहे बघा. तरुणपणी सर्व्हेच्या कामावर महिना-महिना तंबूत काढलेत. महिना लागायच्या आधी घेऊन जा त्यांना. तुम्ही तिघं पुरुष तंबूत झोपा, मुली गाडीत झोपतील. एका छपराखाली रात्र काढली की माणूस बोलतोच."

"आणि तुम्ही?"

"मी नाही येत. मी असले की सगळं माझ्यामार्फत बोलतात ते."

म्हणजे तो तंबू रात्रभर उभा राहायला हवा होता, बाकी काही नाही. म्हणून मी कासव घेतलं. आजही सांगतो, निवड बरोबर होती. त्या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून बरोबर झालेली ती एकच गोष्ट.

मेच्या पहिल्या आठवड्यात शनिवारी आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो. आमच्या गाडीत मी, वृंदा आणि अण्णा. मागून मंगेशच्या जुन्या गाडीत तो आणि केतकी. घाट चढताना अण्णा खुशीत होते. कुठला मोरीपूल कुणाच्या काळातला, ते सांगत होते. मी त्यांना तंबूच्या निवडीची सगळी कथा ऐकवली. पोल कसले, कापड कसलं, वाऱ्याचा वेग किती.

"धनंजयराव, तुमचं काम म्हणजे बघायला नको," ते म्हणाले.

मला गुदगुल्या झाल्या. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा झाल्या.

पठारावर पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. जमिनीच्या मालकाला आधी फोन केलेला होता. तो मोटरसायकलवर येऊन जागा दाखवून गेला. जाताना म्हणाला, "वळवाचं दिस हायती, सायेब. आभाळाकडं ध्यान ठेवा." वर पवनचक्क्यांची पाती संथपणे फिरत होती. पायाखाली जांभा कातळ आणि त्यावर जेमतेम वीतभर माती.

मंगेश गाडीतून उतरला, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, दोन्ही गाड्या पश्चिमेला आडव्या लावू. वारा तिकडनंच यायलाय. तंबू गाड्यांच्या आडोशाला राहील."

"अरे, मग सूर्यास्त कसा दिसणार?" मी म्हणालो. "त्यासाठी तर आलोय. काळजी करू नको, हा वाऱ्यासाठीच बनवलेला आहे."

गाड्या मागे पूर्वेला लावल्या. आम्ही दोघांनी मिळून तंबू उभा केला. मी माहितीपत्रक वाचत होतो, तो पोल ओवत होता. अण्णा हात मागे बांधून चार पावलांवर उभे होते आणि बघत होते. साइटवर उभे राहत असतील तसेच.

मंगेशने वरचं कापड ओढून घेतलं आणि कडीत बोट घातलं.

"दादा, या कड्यांना दोऱ्या असतील की. पिशवीत दिसत न्हाईत."

मला त्याच क्षणी आठवलं. दोऱ्या आमच्या गॅलरीत होत्या.

फेब्रुवारीत मी सोसायटीच्या गच्चीवर तंबू लावून बघितला होता. स्लॅबमध्ये खुंट्या ठोकता येत नाहीत, दोऱ्या नुसत्या पायात येत होत्या, म्हणून मी आठही सोडवून ठेवल्या. मार्चमध्ये ओल्या चादरीच्या वजनाने गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी तुटली. कोपऱ्यावरच्या दुकानात दोरी मिळते. पण घरात एवढी चांगली दोरी पडलेली असताना बाहेरून कशाला आणायची, हे आमच्या रक्तातच आहे. मी आठही दोऱ्या एकमेकींना गाठी मारून गॅलरीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधल्या. पिवळ्याधमक, आत चमकणारा धागा. जायच्या आधी काढून घेऊ म्हटलं आणि साफ विसरलो.

मी नुसतं हसलो असतो तरी चाललं असतं. "अरे, दोऱ्यांवर माझे बनियन वाळतायत," असं म्हणालो असतो, तर अण्णाही हसले असते. मंगेशने दोन मिनिटांत दुसरी सोय केली असती. पण अण्णा चार पावलांवर उभे होते आणि 'बघायला नको' हे शब्द माझ्या कानात ताजे होते.

"या मॉडेलला लागत नाहीत," मी म्हणालो. "पोलच तसे आहेत."

मंगेशने कडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझ्या गाडीत गाडी ओढायची टोचनची दोरी हाय. पश्चिमेच्या दोन कड्या तेवढ्या मोठ्या दगडांना बांधू का?"

"नको, नको. कापड फाटेल."

कापड फाटणार नव्हतं. दोरी बांधली असती तर दोरी लागते हे सगळ्यांना दिसलं असतं, एवढंच.

मग त्याने आपल्या गाडीतून हातोडा आणला आणि एकेक खुंटी ठोकायला बसला. कातळ लागला की काढायची, वीतभर सरकवून पुन्हा ठोकायची. प्रत्येक खुंटी तंबूपासून बाहेर तिरकी. वर दगड रचले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मी खुर्च्या उघडल्या.

चहा झाला. अण्णा तंबूत जाऊन मधोमध उभे राहिले आणि आतून ओरडले, "वा! ताठ उभं राहता येतंय." बाहेर येऊन त्यांनी पायाने एक खुंटी ढकलून बघितली. मग दुसरी. जन्माची सवय.

"कुणी ठोकल्या?" त्यांनी विचारलं.

"ह्यांनी," केतकी म्हणाली.

अण्णांनी आणखी एका खुंटीवर पाय ठेवला. "तिरक्या ठोकल्यात. बरोबर आहे." आणि मग, दोन वर्षांत पहिल्यांदा, ते सरळ मंगेशकडे बघून बोलले. "कुठे शिकलात?"

मंगेश कप हातात घेऊन उभा राहिला. "वडील लग्नसराईत मांडवाचं काम करायचे. त्यांच्याबरोबर जायचो."

"बसा," अण्णा म्हणाले. "उभे का?"

मंगेश बसला. केतकी पवनचक्क्यांकडे तोंड करून डोळे पुसत होती. वृंदाने हळूच माझा हात दाबला. मीही मनापासून खूश झालो, हे खोटं नाही. दोऱ्यांचा विषय संपला असं मला वाटलं. वारा होताच, पण तंबू नुसता अंग हलवल्यासारखा हलत होता. त्यानंतर अर्धा तास अण्णा आणि मंगेश मांडवाच्या खांबांबद्दल बोलत होते. खांब किती पुरायचा, पाऊस साचला तर कापड कुठून सोडायचं. मी बोललो नाही, कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं.

सहा वाजता अण्णा म्हणाले, "जरा पाठ टेकतो," आणि आत गेले.

आभाळ पश्चिमेकडून भरून आलं ते अगदी दहा मिनिटांत. आधी पात्यांचा आवाज बदलला. मग धूळ उठली. पहिल्या झोतात खुर्च्या उडाल्या, दुसऱ्यात तंबूची पश्चिमेची बाजू आत दबली. मंगेश धावत गेला आणि पाठ लावून त्या बाजूला उभा राहिला.

"दादा, अण्णांना बाहेर काढा!"

मी तंबूच्या दारापाशी पोचलो आणि मला काय सुचलं असेल? मी पोल धरला. पोल वाचवायला. महिनाभर तक्ते करून घेतलेला पोल.

"दादा!"

मग मंगेशच आत घुसला. तो हलल्याबरोबर ती बाजू पूर्ण वर उचलली गेली, दोन खुंट्या दगडांसकट उपटून आल्या आणि माझ्या हातातला पोल कडकन मोडला. सगळं कापड त्या दोघांवर बसलं. आतून अण्णांचा आवाज आला, तो मला कधी विसरता येणार नाही. ओरडणं नव्हतं ते. "अगं आई," असं म्हणाले ते, लहान मुलासारखं. मग कापडाखालून मंगेश निघाला, अण्णांना काखेत धरून ओढत. अण्णांच्या भुवईतून रक्त येत होतं. पोलचं मोडकं टोक लागलं होतं. चष्मा गेला होता आणि पायजम्याची नाडी सुटली होती. मुलींसमोर ते एका हाताने पायजमा धरून उभे होते.

पाऊस काही आलाच नाही. पाच मिनिटांत वारा ओसरला. केतकीने ओढणीने अण्णांची जखम दाबून धरली. ते थरथरत होते, आणि आपण थरथरतोय हे सगळे बघतायत, याचाच त्यांना जास्त राग आला असावा. ते उपटलेल्या खुंटीपाशी गेले.

"वरवर ठोकलेल्या," ते म्हणाले. "आणि मी त्यांना बरोबर म्हणालो. चाळीस वर्षं लोकांची कामं तपासली आणि ही मी बरोबर म्हणालो."

"अण्णा, वाराच तसा होता," वृंदा म्हणाली.

"वाऱ्याचं काय घेऊन बसलीस? धनंजयराव, तंबू चांगला होता ना?"

"हो, अण्णा. वाऱ्यासाठीचाच आहे."

"मग?"

ते माझ्याकडे बघत होते. सगळेच बघत होते. मंगेशने पडलेला तंबू गोळा करायला घेतला होता आणि त्या वरच्या कापडाची एक रिकामी कडी त्याच्या मुठीतून लोंबत होती. खुंट्यांनी तंबू धरायचा नसतो, तो दोऱ्यांनी धरायचा असतो. या तंबूलाही दोऱ्या लागत होत्या, हे तिथे फक्त दोघांना माहीत होतं.

"खुंट्यांचं मंगेशने बघितलं," मी म्हणालो.

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. कुणी मला खोटारडा म्हणू शकलं नसतं.

मंगेश माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. चिडून बघतोय, असं मला तेव्हा वाटलं. मग तो अण्णांकडे वळला. "माझं चुकलं, अण्णा."

"मला अण्णा म्हणू नका," अण्णा म्हणाले आणि आमच्या गाडीत जाऊन बसले.

साताऱ्यात डॉक्टरांनी भुवईला तीन टाके घातले. मंगेशची गाडी दवाखान्यापर्यंत आमच्या मागे होती. घराकडे वळलो तेव्हा आरशात बघितलं, तर ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली होती.

पुण्याला परतल्यावर सोमवारी सकाळी वृंदा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. घालता घालता थांबली. मी आतून बघत होतो. तिने दोरी बोटांत धरली, गाठ चाचपली, मग पुढची गाठ. आत आली तेव्हा बादलीतले कपडे तसेच होते.

"धनंजय, आठ कड्या होत्या ना त्या तंबूला?"

मी मान हलवली.

"तुला तिथे माहीत होतं?"

"आठवलं. लावताना."

ती खुर्चीवर बसली. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तिने माझ्याकडे तसं कधीच बघितलं नव्हतं. "अण्णांना फोन कर. आत्ता."

"फोनवर नीट सांगता येणार नाही. समोरासमोर सांगतो."

"मी सांगू शकते. पण सांगणार नाही. मी सांगितलं तर तू सुटशील."

पुढच्याच आठवड्यात अधिक लागला. माईंचा फोन आला. "दोघं या रविवारी." दोघं म्हणजे आम्ही दोघंच, ते विचारावं लागलं नाही. सबंध रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवली. अण्णा, एक सांगायचंय. अण्णा, त्या दिवशी जे झालं त्यात मंगेशची काही चूक नव्हती. खंबाटकीच्या घाटापर्यंत माझी तयारी चोख झाली होती. वृंदा खिडकीबाहेर बघत होती. ती एकदाच बोलली. "जेवायच्या आधी सांग. जेवल्यावर नको."

सोप्यात एकच पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी. अण्णांनी स्वतः माझ्या कपाळाला गंध लावलं. त्यांची भुवई मला अगदी जवळून दिसली, टाके नुकते काढलेले. माईंनी धोंडे वाढले. डोळे सुजले होते त्यांचे. बाजूला ताटात वाणाचे अनारसे होते आणि चांदीची निरांजनं, दोन. एकसारखी. माईंनी आधीच आणून ठेवली होती, पठारावर जायच्याही आधी.

अण्णांनी ती बघितली. "दुसरं कशाला काढलंय?"

"आणलं होतं," माई एवढंच म्हणाल्या.

"मग दोन्ही धनंजयरावांनाच द्या. घरात ठेवून काय करायचंय?"

माईंनी दोन्ही निरांजनं माझ्यापुढे सरकवली. वृंदा तुपाची वाटी घेऊन उभी होती. ती थांबली. मला कळलं की हीच वेळ आहे, यानंतर नाही.

"अण्णा," मी म्हणालो.

"बोला की."

ते हसत होते. माझ्यावर खूश होते. एवढा अभिमानाने माझ्याकडे बघणारा दुसरा माणूस माझ्या आयुष्यात नव्हता, माझे वडील धरून.

"धोंडे छान झालेत," मी म्हणालो.

वृंदाने माझ्या ताटात तूप वाढलं आणि आत निघून गेली. मी पाच धोंडे खाल्ले. माई आग्रह करत होत्या आणि मी नाही म्हणत नव्हतो.

त्यानंतर वृंदाने मला या विषयावर एकदाही काही विचारलं नाही. ती एरवीचं सगळं बोलते, हसते, भांडते. पण काही बाबतीत तिने मला मोजायचं सोडून दिलं, हे मला कळतं.

पुढचा अधिक आश्विनात आला, लॉकडाउनच्या वर्षी, तेव्हा कुणीच कुणाकडे गेलं नाही. आणि बोलावायला अण्णाही नव्हते. आधीच्याच थंडीत ते झोपेत गेले. अंत्ययात्रेला मंगेश आला होता. स्मशानाच्या फाटकाबाहेर, मोटरसायकली लावतात तिथे तो उभा होता. त्याला आत बोलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी आत होतो, पहिल्या रांगेत.

दोन महिन्यांनी मी एकटाच कोरेगावला गेलो. मंगेशचं दुकान रस्त्याला लागून आहे, घर मागेच. तो एका टेम्पोच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. मला बघून हात पुसत पुढे आला, खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. गॅलरी, आठ दोऱ्या, गाठी, सगळं. सांगताना माझे डोळे भरून आले. आणि खरं सांगायचं तर, आपले डोळे भरून आले म्हणून मला थोडं बरंही वाटलं.

तो शांतपणे ऐकत होता. "माहीत होतं की मला," तो म्हणाला. "कड्या होत्या म्हणजे दोऱ्या असणारच. दोरीला न्हाई म्हणालात तेव्हाच कळलं, काहीतरी गडबड हाय."

"मग तू बोलला का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार होतं तिथं, दादा? अण्णांनी तुमचं धरलं असतं का माझं?" त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "मी तुमच्याकडं बघत होतो. तुम्ही बोलाल म्हणून. बोलला न्हाईत, म्हणून मग 'माझं चुकलं' म्हणालो. वाटलं, एवढं ऐकून तरी तुम्ही म्हणाल, न्हाई, याचं न्हाई."

रस्त्यावरून दोन एसट्या गेल्या.

"केतकीला सांगितलंत?" त्याने विचारलं.

"नाही."

"माईंना?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय, दादा? मला माहीतच होतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. चुकून दुसऱ्याच गाडीचा भाग उचलून आणलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं, तसं त्याने सांगितलं. मग तो पुन्हा बॉनेटमध्ये वाकला. टेम्पोवाला घाई करत होता.

मी गाडीकडे निघालो. घराच्या ओट्यावर केतकी तांदूळ निवडत बसली होती. मला बघून सूप बाजूला ठेवून उठली. अण्णांसारखीच उंच आहे ती, आणि चालताना हात तसेच मागे बांधते.

"दाजी! आलात कधी? आणि न जेवता कुठं निघालात?"

तिला सांगायला माझ्यापाशी वेळच वेळ होता. दार उघडं होतं, दुपार अख्खी पडली होती, आणि ती हसत पायऱ्या उतरून माझ्याकडेच येत होती.

"पुण्यात मीटिंग आहे गं," मी म्हणालो.

"रविवारी?"

"हो," मी म्हणालो आणि गाडीची काच वर केली.